हकिकत आणि जबानी : 'शांतता! कोर्ट चालू आहे' व 'कोर्ट' यांतील वकिली व्यवहार

साक्षीदाराने न्यायालयात तोंडी दिलेला पुरावा कोणत्या रूपात लिहून घ्यावा, याविषयी फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ च्या कलम २७६ मध्ये एक लक्षणीय तरतूद होती. सत्र न्यायालयातील साक्ष सर्वसाधारणपणे कथनाच्या रूपात नोंदवावी आणि न्यायाधीशास योग्य वाटल्यास तिचा एखादा भाग प्रश्नोत्तरांच्या रूपात घ्यावा, असा तिचा आशय होता. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली. ही तरतूद मात्र नव्या संहितेतही कायम राहिली. वरवर पाहता ही लेखनिकाच्या सोयीची बाब वाटते. प्रत्यक्षात साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहून कथन करीत नाही. वकील विचारील तेवढ्याचेच उत्तर त्याने द्यावयाचे असते. सरतपासातील उत्तरे, उलटतपासातील नकार आणि मध्येच घेतलेल्या हरकती यांतून न्यायाधीश एकेक वाक्य जुळवून लघुलेखकास सांगतात आणि कागदावर 'मी' या सर्वनामाने चालणारी एक सलग हकिकत उतरते. जबानीतील हा 'मी' साक्षीदाराचा असतो, तसाच तो वकिलाचा व न्यायाधीशाचाही असतो. साहित्याच्या अभ्यासकाने ज्याला निवेदक म्हणावे, असा हा तिघांनी मिळून घडविलेला निवेदक आहे.

कायदा आणि साहित्य यांच्या परस्परसंबंधाचा अभ्यास पाश्चात्त्य विद्यापीठांत जेम्स बॉइड व्हाइट यांच्या 'द लीगल इमॅजिनेशन' (१९७३) या ग्रंथापासून स्वतंत्र शाखा म्हणून रुजला. वकील हाही एक कथाकारच होय, हे विधान तेव्हापासून इतक्यांदा केले गेले आहे की त्याची धार बोथट झाली आहे. गोष्ट नीट सांगणारा वकील जिंकतो, हे तालुका न्यायालयाच्या आवारातील चहावालाही सांगेल. अवघड प्रश्न त्यापुढचा आहे. पक्षकाराची हकिकत वकिलाच्या हाती आल्यावर तिचे काय होते? आणि त्या रूपांतरात दोघांमधील माणूसपणाचा संबंध कितपत टिकतो? विजय तेंडुलकर यांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' हे नाटक (प्रथम प्रयोग १९६७) आणि चैतन्य ताम्हाणे दिग्दर्शित 'कोर्ट' हा चित्रपट (२०१४) या दोन कलाकृतींनी हा प्रश्न जवळजवळ अर्धशतकाच्या अंतराने हाताळला आहे. पहिलीची चर्चा बहुधा स्त्रीच्या छळाचे नाटक म्हणून होते, दुसरीची व्यवस्थेवरील भाष्य म्हणून. वकिली व्यवहाराचे चित्रण म्हणून त्यांच्याकडे पाहिले असता काही वेगळ्या गोष्टी हाती लागतात.

मराठीला हा प्रश्न परका नाही. दिवाणी दाव्यात प्रतिवादी जे लेखी उत्तर दाखल करतो त्याला आजही 'कैफियत' म्हणतात. मराठेशाहीत वतनाचा तंटा उभा राहिला म्हणजे वादी-प्रतिवादी आपापली तकरीर व करीना लिहून देत. मूळ पुरुषापासून वतन कसे चालत आले, दुष्काळात कोण परागंदा झाले, मागे राहिलेल्याने भोगवटा कसा केला, हे त्यात सविस्तर येई. गोतसभेने निवाडा केला की महजर होई आणि त्यावर हजर असलेल्यांची नावे व निशाण्या पडत. कुणब्याचा नांगर, देशमुखाची कट्यार. मराठी गद्याच्या जडणघडणीचा विचार करताना बखरीइतकेच या कागदांकडेही पाहावे लागते, कारण त्यांत माणसे आपल्या क्रमाने, आपल्या भाषेत, आपल्याला महत्त्वाचे वाटेल तेथे थांबून बोललेली आहेत. अर्थात या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तेथे बोलणारा बहुधा वतनदार असे. ज्याच्याकडे वतन नाही त्याच्या करीन्याचा प्रश्नच नव्हता. एवढे मात्र खरे की आधी पूर्ण हकिकत आणि मग तपासणी, हा क्रम त्या कागदांत दिसतो. आधुनिक न्यायालयात तो उलटला. येथे तपासणी चालू असतानाच हकिकत घडते.

तेंडुलकरांच्या नाटकाची बैठक या उलट्या क्रमावर आहे. मुंबईची एक हौशी मंडळी खेड्यात अभिरूप न्यायालयाचा कार्यक्रम करण्यासाठी येतात. अण्वस्त्रांच्या प्रश्नावर अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांच्यावर खटला, असा त्यांचा ठरलेला प्रयोग आहे. वेळ काढण्यासाठी एक लुटुपुटीचा खटला सुरू होतो आणि लीला बेणारे या शिक्षिकेवर भ्रूणहत्येचा आरोप ठेवला जातो. अशाच एका मंडळाच्या माणसांशी मुंबईत पडलेल्या गाठीतून नाटकाला बीज मिळाले, ही हकिकत सर्वश्रुत आहे. टीकाकारांनी या खटल्यातील क्रौर्याची मीमांसा पुष्कळ केली. त्यातील कार्यपद्धतीकडे पुरेसे लक्ष दिले गेले नाही.

या मंडळींना न्यायालयाचे सर्व बाह्य उपचार ठाऊक आहेत. शपथ आहे, पिंजरा आहे, काशीकरांचा दरारा आहे. ज्या नियमांमुळे न्यायालय हे न्यायालय ठरते, ते मात्र एकामागून एक मोडले जातात. भारतीय पुरावा अधिनियम, १८७२ नुसार तोंडी पुरावा प्रत्यक्ष असावा लागे. ऐकीव माहिती वर्ज्य असे. आरोपीचे पूर्वीचे वर्तन वाईट होते, एवढ्यावरून काही सिद्ध करता येत नसे. (या कायद्याची जागाही २०२४ मध्ये भारतीय साक्ष अधिनियमाने घेतली, ही तत्त्वे तशीच आहेत.) बेणारेच्या खटल्यात ऐकीव गोष्टी व चारित्र्य यांखेरीज दुसरे काही नाहीच. न्यायाधीश काशीकर आपले आसन सोडून स्वतः साक्ष देतात, तीही दुसऱ्याकडून कानावर आलेल्या बोलण्याची. सर्वांत अर्थपूर्ण साक्ष सामंताची. या भोळ्या गावकऱ्याला साक्षीदार म्हणून उभे केले जाते, त्याला सांगण्यासारखे काही ठाऊक नसते, तेव्हा तो जवळच्या एका कादंबरीतील मजकुराच्या आधाराने साक्ष रचतो. ती रचलेली साक्ष बेणारेच्या आयुष्यातील घटनेवर नेमकी बसते आणि न्यायालय तिला पुरावा म्हणून उचलते. कथा साक्ष होते, हे येथे शब्दशः घडते. सामंताच्या मनात दुष्टावा नाही. त्याला गोष्ट सांगता येते आणि समोरच्यांना ती हवी असते.

वकील सुखात्मे यांचे पात्र या दृष्टीने नाटकाच्या मध्यभागी आणावे लागते. त्यांच्याकडे पक्षकार फिरकत नाहीत, हे बेणारेच सुरुवातीला चेष्टेने सांगते. खटला सुरू होताच मात्र त्यांच्या वाणीला बहर येतो. फिर्यादीची बाजू तेच मांडतात, आरोपीचा बचावही तेच करतात. जागा बदलली की भूमिका बदलली. हे दृश्य प्रेक्षागृहात हशा पिकवते. त्यातील गंभीर भाग असा की, दोन्ही बाजू ज्याच्याकडे आहेत त्या या वकिलाला पक्षकार मात्र एकही नाही. बचावाचा वकील म्हणून ते बेणारेशी एक शब्दही बोलत नाहीत. तिला काय सांगायचे आहे हे विचारल्याविना तिचा अपराध गृहीत धरून दयेची याचना केली जाते. युक्तिवादाचे सर्व कौशल्य आहे आणि पक्षकार-वकील संबंध शून्य आहे, अशी ही वकिली आहे. सुखात्मे हे नाटकातील सर्वांत विनोदी पात्र मानले जाते. विधी महाविद्यालयात हे नाटक वाचले गेले तर त्यांच्या वाट्याचे हसू बरेच कमी होईल.

निकालापूर्वी आरोपीला बोलण्यासाठी दहा सेकंद दिले जातात. फौजदारी प्रक्रियेत याला समांतर अशी पायरी आहे. जुन्या संहितेच्या कलम ३१३ नुसार पुराव्यात आपल्याविरुद्ध जे आले आहे त्याचा खुलासा करण्याची संधी आरोपीला, शपथ न देता, द्यावी लागे आणि नव्या संहितेतही ती द्यावी लागते. ही तरतूद मुळात फार उदार आहे. संपूर्ण खटल्यात न्यायाधीश आणि आरोपी एकमेकांशी थेट बोलतात अशी ही जागा. व्यवहारात टंकलिखित प्रश्नांची लांब यादी वाचली जाते आणि 'खोटे आहे', 'माहीत नाही' अशी उत्तरे पडत जातात. बेणारेला मिळालेले दहा सेकंद हे या औपचारिकतेचे टोक आहे. त्या दहा सेकंदांत रंगमंचावरील सर्वजण गोठतात आणि ती प्रदीर्घ स्वगत बोलते. हे स्वगत तेंडुलकरांच्या मूळ योजनेत नव्हते, दिग्दर्शक अरविंद देशपांडे यांच्या आग्रहामुळे ते लिहिले गेले, असे नाटकाच्या जन्मकथेत सांगितले जाते. सुलभा देशपांडे यांच्या अभिनयामुळे ते मराठी रंगभूमीवरील एक मानदंड ठरले. तरीही त्याच्याविषयी एक शंका नोंदविणे आवश्यक आहे. स्वगतामुळे प्रेक्षकाला बेणारेची बाजू कळते आणि त्याचे समाधान होते. न्यायालयाने मात्र त्यातील एक अक्षरही ऐकलेले नसते. स्वगत नसते तर प्रेक्षकही त्या न्यायालयाइतकाच अज्ञानात राहिला असता आणि आपण काय ऐकले नाही, ही टोचणी घेऊन घरी गेला असता. देशपांड्यांचा आग्रह रंगभूमीच्या दृष्टीने योग्य होता. नाटकाच्या तर्काच्या दृष्टीने तो योग्य होता की नाही, हे तितक्या खात्रीने सांगता येत नाही.

रंगमंचावरील हे न्यायालय लुटुपुटीचे होते. प्रयोगानंतर काही वर्षांतच महाराष्ट्रातील एका खऱ्या खटल्याने तोच प्रश्न देशापुढे उभा केला. 'मथुरा प्रकरण' या नावाने ओळखला जाणारा हा खटला १९७२ मध्ये तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर झालेल्या अत्याचाराचा. सत्र न्यायालयाने आरोपी पोलिसांना निर्दोष ठरविताना मुलीच्या पूर्वीच्या संबंधांना महत्त्व दिले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने भीतीपोटी गप्प राहणे आणि संमती देणे यांत भेद केला व आरोपींना शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये ती रद्द केली; अंगावर जखमा नव्हत्या, प्रतिकाराच्या खुणा नव्हत्या, हे त्या निकालातील महत्त्वाचे आधार. जबानी एकच, वाचने तीन. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार विधी-अध्यापकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना लिहिलेले खुले पत्र हे वास्तविक पाहता समीक्षालेखनच आहे. संहितेचे वाचन करताना वाचक काय गृहीत धरतो, रात्रीच्या वेळी पोलीस ठाण्यात एकटी असलेली गरीब मुलगी आरडाओरड करू शकेल हे कोणत्या अनुभवातून गृहीत धरले गेले, असे त्याचे प्रश्न आहेत. या पत्रानंतर उसळलेल्या चळवळीतून १९८३ ची कायदेदुरुस्ती झाली. बलात्काराच्या खटल्यात पीडितेच्या सर्वसाधारण अनैतिकतेचा पुरावा देऊन तिची विश्वसनीयता हाणून पाडण्याची मुभा मात्र पुरावा अधिनियमात पुढेही वीस वर्षे राहिली. ती २००३ मध्ये वगळली गेली. बेणारेच्या खटल्याचे साक्षीदार ज्या रीतीने बोलतात, ती रीत तोवर खऱ्या न्यायालयातही कायद्याच्या आधाराने चालू होती.

'कोर्ट' या चित्रपटात अशी क्रूर माणसे नाहीत. व्हेनिस महोत्सवात गौरविल्या गेलेल्या आणि २०१४ चा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळविलेल्या या कृतीत मुंबईच्या कनिष्ठ न्यायालयातील सर्वजण आपापले काम शांतपणे करतात. नारायण कांबळे (वीरा साथीदार) या वृद्ध लोकशाहिरावर आरोप असा की, त्याचे गाणे ऐकून वासुदेव पवार नावाच्या गटार-कामगाराने मॅनहोलमध्ये आत्महत्या केली. सरकारी वकील नूतन (गीतांजली कुलकर्णी) वसाहतकाळातील तरतुदी एका सुरात इंग्रजीतून वाचत जाते. तिला आरोपीविषयी द्वेष नाही. संध्याकाळी घरी जाऊन स्वयंपाक करायचा आहे. बचावाचे वकील विनय व्होरा (विवेक गोंबर) सज्जन, सुस्थितीतील, मानवी हक्कांसाठी झटणारे गृहस्थ आहेत. मराठी त्यांना नीट उमगत नाही. न्यायाधीश सदावर्ते (प्रदीप जोशी) साक्षीदाराचे उत्तर ऐकतात, क्षणभर थांबतात आणि त्याचे कायद्याच्या भाषेतील रूप लघुलेखकास सांगतात. पाहणाऱ्याने मूळ उत्तरही ऐकलेले असते आणि नोंदही ऐकलेली असते. दोहोंतील अंतर तो स्वतः मोजतो. कलम २७६ मधील 'कथन' कसे तयार होते, हे इतक्या बारकाईने दाखविणारी दुसरी मराठी कलाकृती सांगणे कठीण आहे.

या चित्रपटातील सर्वांत मोलाची साक्ष मृत कामगाराच्या पत्नीची, शर्मिला पवारची. तिच्या स्वरात रडणे नाही, तक्रारही नाही. नवरा साधनांवाचून गटारात उतरत असे. विषारी वायूमुळे त्याचा एक डोळा गेला होता. दुर्गंधी सहन व्हावी म्हणून तो दारू पीत असे. झुरळे बाहेर आली तर आत हवा आहे असे समजत असे. विचारल्याबरोबर ती हे सांगून टाकते. खटल्यात यातील उपयोग एवढाच की मृत्यू आत्महत्या नसून अपघात असावा. कोणत्या यंत्रणेने या माणसाला साधनांवाचून आत पाठविले, हा प्रश्न या खटल्याच्या विषयातच बसत नाही, म्हणून तो विचारला जात नाही. हाताने मैला साफ करण्याच्या कामाला बंदी करणारा कायदा संसदेने १९९३ मध्ये आणि त्याहून व्यापक असा २०१३ मध्ये केला. तरीही तिच्या साक्षीचा मोठा भाग न्यायालयाच्या दृष्टीने अप्रस्तुत ठरतो. अप्रस्तुत हा शब्द पुराव्याच्या कायद्यात तांत्रिक आहे. तो नसेल तर कोणताही खटला संपणार नाही, हेही मान्य करावे लागते. पण एखाद्याच्या मरणाचे कारणच त्या मरणाच्या खटल्यात अप्रस्तुत ठरावे, ही विसंगती चित्रपट कोणतेही भाष्य न करता दाखवितो.

साक्ष संपल्यावर व्होरा तिला आपल्या मोटारीतून घरी सोडतात. वकील आणि एक सामान्य स्त्री यांच्यात माणूस म्हणून जो काही संबंध येतो तो येथे, न्यायालयाच्या बाहेर. ते मदत देऊ करतात. ती पैसे नाकारते आणि काही काम असेल तर सांगा, असे सुचविते. या एका प्रसंगात व्होरांच्या सहृदयतेची मर्यादा कळते. त्यांची सहानुभूती खरी आहे, पण तिच्या गरजेची त्यांना कल्पना नव्हती. ती तिने सांगितली तेव्हा कळली. साक्षीच्या वेळी असा प्रश्न विचारण्याची सोय नव्हती.

चित्रपटात एक उणीव जाणवते. दोन्ही वकिलांचे आणि न्यायाधीशांचे खासगी जीवन दिग्दर्शकाने सविस्तर दाखविले आहे. कांबळे मात्र शिकवणी घेताना, जलशात गाताना, छापखान्यात आणि पिंजऱ्यात एवढाच दिसतो. त्याचे घर, त्याची माणसे प्रेक्षकाला जवळून भेटत नाहीत. न्यायालय ज्याची हकिकत ऐकत नाही त्याची हकिकत चित्रपटही पूर्ण सांगत नाही. हे हेतुपुरस्सर असेल तर ते फार सूक्ष्म आहे. नसेल तर ज्या दोषाचे चित्रण करावयाचे तोच दोष कृतीत उतरला, असे म्हणावे लागते.

व्होरांची मराठीची अडचण सोलापूरच्या वाचकाला विशेष जाणवेल. महाराष्ट्र शासनाने १९९८ मध्ये कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी ठरविली. सोलापुरात त्यामुळे प्रश्न संपत नाही. पूर्वभागातील विणकर आणि विडी वळणाऱ्या स्त्रिया घरी तेलुगू बोलतात, अक्कलकोट व दक्षिण सोलापूर तालुक्यांत कन्नड चालते, शहरात दख्खनी उर्दू आहेच. साक्ष पूर्ण झाल्यावर ती साक्षीदाराला वाचून दाखवावी आणि न समजणाऱ्या भाषेतील साक्ष आरोपीला समजावून सांगावी, असे संहिता म्हणते. पण जी स्त्री बाजारापुरते मराठी बोलते तिला दुभाषाची गरज आहे, हे कोणाच्या ध्यानात यावे? पिंजऱ्यात ती मराठीतच उत्तर देते, तिला येते तेवढ्या मराठीत. तुटक उत्तर हे अज्ञानाचे की लपवाछपवीचे, याचा निर्णय मग ऐकणाऱ्याच्या तर्कावर राहतो. साक्षीदाराच्या आविर्भावाविषयी शेरा लिहिण्याचा अधिकारही न्यायाधीशाला आहे.

न्यायालयाच्या कथनाहून वेगळे कथन शहर कसे जपते, याचेही उदाहरण सोलापूरजवळ आहे. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर येथे उद्रेक झाला, गोळीबार झाला, न्यायालयाच्या इमारतीलाही आग लागली आणि पुढे लष्करी कायदा पुकारण्यात आला. पोलिसांच्या हत्येच्या खटल्यात मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिली गेली. खटल्यातील कथनात हे चौघे खुनी ठरले. शहराच्या कथनात ते हुतात्मे आहेत आणि त्यांच्या नावाच्या चौकातून रोज हजारो लोक जातात. दुसरे कथन अधिक न्याय्य आहे, याविषयी दुमत नसावे. त्यातही एक गोष्ट मात्र राहून गेली. चार पुतळे एका रांगेत उभे राहिले आणि चार वेगवेगळ्या घरांतील, वेगवेगळ्या धंद्यांतील माणसांच्या चार हकिकती एक झाल्या.

विधी शिक्षणात या साऱ्याला जागा कागदोपत्री आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांनुसार अभिरूप न्यायालय व अंतर्वासिता या प्रात्यक्षिक विषयात पक्षकाराची मुलाखत घेण्याचे तंत्र आणि खटल्यापूर्वीची तयारी यांना गुण ठेवलेले आहेत. विद्यार्थ्याने वकिलाच्या कार्यालयात किंवा विधी साहाय्य केंद्रात अशा मुलाखती प्रत्यक्ष पाहून त्यांची नोंदवही लिहावी, अशी अपेक्षा आहे. नोंदवह्या लिहिल्या जातात. त्यांतील पुष्कळशा एकमेकींसारख्या दिसतात, हे परीक्षकांना ठाऊक आहे. स्पर्धांचा भर तर अभिरूप न्यायालयातील युक्तिवादावरच असतो. तेथे विद्यार्थ्याच्या हाती प्रकरणाची वस्तुस्थिती छापून दिली जाते. पक्षकार 'अ' किंवा 'ब' या अक्षराने येतो. त्याला काय झाले हे चार परिच्छेदांत आधीच ठरलेले असते, साक्षीदार नसतो, उलटतपास नसतो. विद्यार्थी पूर्वनिर्णय पाठ करतो आणि बऱ्याचदा स्पर्धेच्या आयत्या वेळी दुसऱ्या बाजूने बोलण्याचीही तयारी ठेवतो. एकाच वकिलाने दोन्ही खुर्च्यांवर बसण्याचा हा प्रयोग सुखात्म्यांनी १९६७ मध्ये रंगमंचावर करून दाखविला होता. त्या प्रयोगात आरोपी निदान समोर उभी होती.